फ्रिज: वर बर्फ, खाली कोमट (एप्रिलच्या कामाच्या नोंदी)

मशीन: डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री (आतला बर्फ आपोआप वितळवणारा), अडीचशे लिटरच्या आसपास, मागे काळी जाळी असलेलं जुनं मॉडेल, स्टिकरवर गॅस आर-१३४ए. जागा: सोलापूर, अशोक चौकाच्या मागची गल्ली, घराच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचं यंत्रमागाचं शेड. शेडचा संबंध पुढे येतोच. मी टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्यामुळे मीटर, पक्कड, क्लॅम्प सगळं घरात पडलेलं असतं. गॅसचं काम मात्र मी करत नाही, ते ज्याचं त्यानंच करावं.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी आईने दूध गॅसवर ठेवलं आणि फाटलं. कालचं दही पण आंबून पाणी सुटलेलं. वरच्या खणात मात्र बर्फ होतोय, पोरीची कुल्फी पण कडक आहे, म्हणजे मशीन चालतंय, फक्त खाली गारवा उतरत नाही.

दुपारी एका मेकॅनिकला बोलावलं. त्यानं मागच्या नळीला हात लावला, दोन सेकंद ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "गॅस गेलाय साहेब, चार्जिंग मारावं लागतंय." वरच्या खणाची आतली प्लेट उघडून बघितली पण नाही. आई लगेच पैसे काढायला निघाली होती, तिला म्हटलं थांब जरा, उद्या रविवार आहे, मी बघतो.

थांबायचं कारण असं की फ्रिजमधला गॅस काय वापरून संपत नसतो. बंद नळीत तोच तोच फिरतो, कॉम्प्रेसर दाबतो, मागच्या जाळीत उष्णता सोडून त्याचं लिक्विड होतं, आतल्या कॉइलमध्ये त्याची परत वाफ होते आणि तिथंच गारवा तयार होतो. तो कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे, आणि लीक असेल तर आधी ते शोधायचं, ड्रायर फिल्टर (गॅसमधला ओलावा धरणारा) बदलायचा, व्हॅक्यूम मारायचा (नळीतली हवा ओढून काढायची) आणि मग वजन करून गॅस भरायचा. लीक न बघता नुसता भरून दिला तर परत तेच रडगाणं. आणि फ्रिज खाली गार होत नाही याची गॅस सोडून निदान चार-पाच कारणं असतात, ती सगळी बघायला पैसे लागत नाहीत.

पहिलं रीडिंग घेतलं. हवेचं टेंपरेचर घेऊन उपयोग नसतो, दार उघडलं की ते पळतं, म्हणून स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन मधल्या खणात ठेवलं आणि रात्री त्यात थर्मामीटर बुडवला. १४ डिग्री. वरच्या खणात उणे ९. पाहिजे खाली ४ किंवा कमी आणि वर उणे १८. दूध फाटणारच की.

६ एप्रिल, रविवार

सकाळी प्लग काढून फ्रिज भिंतीपासून ओढला. मागची जाळी काळी असते हे मला माहीत होतं म्हणून बरं, कारण दिसत होती ती करडी. शेडमधून उडणारं सूत, बारीक तूस, उन्हाळ्याचा फुफाटा आणि फोडणीचा तेलकटपणा, हे सगळं जाळीच्या तारांत बसून त्याचा थर झालेला, आणि एका कोपऱ्याला नखानं उचकटला तर टेरी टॉवेलच्या तुकड्यासारखा अख्खा सोलून हातात आला. खालचा कॉम्प्रेसरचा कप्पा पण तसाच.

आता या जाळीचं काम उष्णता बाहेर टाकायचं. बाहेर ४२ डिग्री, स्वयंपाकघरात त्याच्यापेक्षा कमी नाही, त्यात जाळीला गोधडी पांघरलेली, मग कॉम्प्रेसर थांबणार कधी? कोरड्या रंगाच्या ब्रशनं वरून खाली झाडलं, मग ब्लोअर मारला. ओलं फडकं आधी नाही लावायचं, तूस भिजलं की चिकटून बसतं. आणि मागच्या बारीक नळ्या वाकवायच्या नाहीत, विशेषतः ती केसासारखी पातळ कॅपिलरी, ती दुमडली तर मग खरंच गॅसवाला लागेल.

ठेवताना भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवला. फ्रिजच्या डोक्यावर चादरीची घडी आणि ज्वारीच्या पिठाचा डबा होता, तो पण काढायला लावला. आईचं म्हणणं, "इतकी वर्षं होता की तिथंच." होता, मान्य आहे.

रात्रीचं रीडिंग: खाली १२. फरक पडला पण रोग हा नव्हे. कान लावून ऐकलं तर वरच्या खणाच्या मागून करकर आवाज येतोय, पंख्याचं पातं बर्फाला घासतंय असा.

१० एप्रिल, गुरुवार

आज सुट्टी. वरचा खण उघडायचं ठरवलं. सामान सगळं शेजारच्या अक्कांच्या फ्रिजमध्ये, पाण्याच्या बाटल्या माठाकडे. नेमकं आजच नळाला पाणी यायचं होतं त्यामुळे निम्मा वेळ टाकी, पिंप, कळशा भरण्यात गेला, आमच्याकडे पाण्याचा दिवस चुकला की पुढचे चार दिवस बायको बोलत नाही.

प्लग काढून मग स्क्रू. वरच्या खणाची मागची प्लॅस्टिक प्लेट दोन स्क्रू आणि क्लिपांवर असते, पण बर्फानं इतकी धरलेली की हलेना. जोर लावला असता तर फुटली असती. गरम पाण्याचं पातेलं आत ठेवून दार लोटलं, थोड्या वेळानं प्लेट आपोआप सुटली.

आत बघितलं तर कॉइल दिसतच नाही. पांढरी वीट आहे नुसती. फ्रॉस्ट फ्रीमध्ये गारवा तयार होतो एकाच कॉइलवर, ती वरच्या खणाच्या मागे, आणि पंखा ती गार हवा थोडी वर आणि थोडी मधल्या डक्टमधून खाली ढकलतो. कॉइलच्या पट्ट्यांमधल्या फटी बर्फानं बुजल्या की हवा जाणार कुठून? कॉइलला लागून असल्यामुळे वरचा खण थोडाफार गार राहतो, खालचा बोंबलतो. आमचं सगळं लक्षण इथं जुळलं.

गॅसचा प्रश्न पण इथंच मिटला. गॅस कमी असता तर कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच बर्फ धरला असता आणि बाकीची कोरडी राहिली असती. इथं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा थर. म्हणजे गारवा भरपूर होतोय, बर्फ वितळवायची यंत्रणा झोपलीय.

वितळवायला टेबल फॅन समोर लावला आणि गरम पाण्याची पातेली बदलत बसलो. सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर काही म्हणजे काही घालायचं नाही. कॉइल ॲल्युमिनियमची असते, एक भोक पडलं की फ्रिजचं काम तमाम. बायको म्हणाली, "अहो, हेअर ड्रायर देऊ का?" चालतो, पण लांबून, आणि खाली पाणी साचलेलं असताना नको, शॉक बसायचा.

बर्फ गेल्यावर खाली पन्हाळीत पाणी तुंबलेलं. ड्रेनचं भोक बंद. कोथिंबिरीची काडी आणि काळा चिकट गाळ. सुईशिवायची मोठी सिरिंज घेऊन कोमट पाणी मारलं, दोनदा उलटं आलं, तिसऱ्यांदा गुडगुड करून गेलं. हेच भोक बुजलं की भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचतं आणि लोक म्हणतात फ्रिज गळतोय.

ते पाणी जातं मागे कॉम्प्रेसरच्या वरच्या ट्रेमध्ये, कॉम्प्रेसरच्या गरमीनं तिथंच उडून जातं. ट्रे काढला तर शेवाळलेलं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. महापालिकेचे लोक डेंग्यूच्या दिवसांत घरात येऊन कूलर, कुंड्यांबरोबर फ्रिजच्या मागे का डोकावतात ते आज डोळ्यानं बघितलं. नुसतं पाणी ओतून भागत नाही, त्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी पण टिकतात, म्हणून घासणीनं कडा घासून काढल्या. आता दर आठवड्याला ट्रे, हे पोरीच्या कामाच्या यादीत टाकलंय. तिला अळ्या बघायला मिळाल्या म्हणून ती खूश.

सगळं कोरडं करून रात्री चालू केला.

११ एप्रिल, शुक्रवार

खाली ४, वर उणे १७. पंख्याचा आवाज गायब. आई म्हणते झालं की नीट, आता कशाला हात लावतोस. नीट नाही झालं, फक्त पाटी कोरी केलीय. डीफ्रॉस्ट (बर्फ आपोआप वितळणं) का होत नाही ते सापडल्याशिवाय बर्फ परत चढणार, आठवडा नाही तर दोन.

१३ एप्रिल, रविवार

आज डीफ्रॉस्टची लाईन तपासली. हे जरा नीट लिहून ठेवतो कारण कुणी समजावून सांगत नाही.

जुन्या मॉडेलमध्ये चार गोष्टी असतात. टायमर, हीटर, बायमेटल आणि फ्यूज. (नव्यांत टायमरच्या जागी कार्ड आणि सेन्सर असतो, ते प्रकरण वेगळं.) कॉम्प्रेसर आठ-दहा तास चालला की टायमर त्याला बंद करतो आणि वीसेक मिनिटं हीटर चालू करतो. हीटर कॉइलला लागून असतो, त्यानं दंव वितळतं, पाणी ड्रेनमधून जातं. बायमेटल कॉइलला क्लिप केलेला असतो, कॉइल चांगली थंड असली की तो जोडलेला असतो आणि बर्फ वितळून कॉइल गरम व्हायला लागली की स्वतः तुटतो (म्हणजे आतला जोड सुटतो) आणि हीटर बंद करतो. आणि बायमेटलनं दगा दिला तर शेवटचा राखणदार म्हणजे थर्मल फ्यूज, आमच्यावर ७२ डिग्री लिहिलंय. तो एकदा उडाला की उडाला, परत जुळत नाही.

आधी टायमर. मागे पांढरा डबा, चार पिना, मध्ये स्क्रूची खाच. बारीक स्क्रू ड्रायव्हरनं घड्याळाच्या दिशेनं हळू फिरवायचं, टक् आवाज येतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. थांबला. आता हीटर लागायला पाहिजे. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) लावलेलाच होता: कॉम्प्रेसर चालू असताना ०.९ अँपिअर, टक् झाल्यावर शून्य. १५० वॅटचा हीटर २३० व्होल्टला साधारण ०.६५ अँपिअर घेतो. शून्य म्हणजे लाईन कुठंतरी तुटलेली.

प्लग काढला, वरची प्लेट परत खोलली. हीटरचे ओहम (रेझिस्टन्स): हिशोबानं साडेतीनशेच्या आसपास यायला पाहिजेत, आले ३४८. हीटर ठणठणीत. फ्यूज: मीटर गप्प, म्हणजे आतून जोड नाही. उडालेला.

इथं थांबून फ्यूज बदलला असता तर काम झाल्यासारखं वाटलं असतं. पण फ्यूज काय उगाच उडत नाही, म्हणून बायमेटल काढून हातात घेतला. खोलीत ३६ डिग्री, या गरमीत तो तुटलेला असायला पाहिजे. मीटरनं बीप दिला. दहा मिनिटं उन्हात खिडकीवर ठेवला, तरी बीप. आतली पॉइंटं चिकटलीत. म्हणजे हीटर गरम होत राहिला, बायमेटलनं बंद केलाच नाही, शेवटी फ्यूजनं जीव दिला. चोर सापडला.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंती, दुकानं बंद. संध्याकाळी मिरवणुकीमुळे रस्ते पण भरलेले, पोरीला खांद्यावर घेऊन डीजे ऐकून आलो.

१५ एप्रिल, मंगळवार

कारखान्यातून सुटल्यावर नवी पेठेत स्पेअरच्या दुकानात. काउंटरवरच्या पोराला दोन्ही जुने पार्ट दाखवले. तो म्हणतो, "फ्यूज कशाला घेता भाऊ, डायरेक्ट जोडा, सगळे तेच करतेत." सगळे करत असतील. चारी बाजूला प्लॅस्टिक आणि थर्माकोल, मध्ये १५० वॅटचा हीटर आणि त्याला थांबवणारं कुणी नाही, आणि हे रात्री सगळे झोपलेले असताना चालू होणार. नको. बायमेटल आणि फ्यूज दोन्ही घेतले, जुन्यावरचे आकडे बघून तेच मागितले. चार्जिंगला जे सांगितले होते त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम झालं.

घरी येऊन नवा बायमेटल आधी तपासला. बर्फ फोडून त्यात खडे मीठ टाकलं, कुल्फीच्या पॉटला करतात तसंच, त्यात टेंपरेचर उणे १० च्या खाली सहज जातं. बायमेटल पिशवीत गुंडाळून आत खुपसला, थोड्या वेळानं बारीक टक् आणि मीटर बोलला. बाहेर काढून मुठीत धरला, परत टक्, मीटर गप्प. असं पाहिजे.

जोड ट्विस्ट करून नुसती टेप मारली तर ओलाव्यानं गंजतात. सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. बायमेटल पहिल्याच जागी क्लिप केला. रात्री कॉइल गार झाल्यावर टायमर फिरवून बघितलं: टक्, कॉम्प्रेसर बंद, मीटरवर ०.६४. थोड्या वेळानं आपोआप शून्य आणि मागच्या ट्रेमध्ये टपटप पाणी. आईला बोलावून दाखवलं, ती म्हणाली, "एवढ्यासाठी ते माणूस गॅस भरणार होतं व्हय."

१७ एप्रिल, गुरुवार

व्होल्टेज. संध्याकाळी सात ते दहा मीटर लावून ठेवला, १८० ते १८५ मध्ये खेळतंय, गल्लीतले सगळे कूलर आणि एसी एकदम चालू होतात तेव्हा. कमी व्होल्टेजला कॉम्प्रेसर उठू शकत नाही, नुसता हुं करतो, मग ओव्हरलोड (कॉम्प्रेसरला जपणारा स्विच) टिक् करून लाईन तोडतो, थोड्या वेळानं परत तेच. जुना स्टॅबिलायझर माळ्यावर होता तो काढून लावला, त्याचा डिले (लाईट आल्यावर जरा थांबून चालू करायची सोय) चालतोय हे बघून. लाईट जाऊन लगेच आली तर कॉम्प्रेसरला तीन-चार मिनिटं थांबवायलाच पाहिजे, दोन्हीकडचं प्रेशर सारखं झाल्याशिवाय तो सुरू होताना अडतो.

२० एप्रिल, रविवार

दाराचं रबर आणि आतली सफाई.

रबराला आधी नोटेची टेस्ट. दहाची नोट दारात धरून बंद करायचं आणि ओढायची, अडून आली तर ठीक. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात सुळकन आली. दमट हवा तिथूनच आत शिरते आणि तीच कॉइलवर बर्फ होऊन बसते. रबराच्या घड्यांत काळी बुरशी होती, साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. मग दबलेल्या कोपऱ्याला गरम पाण्यात पिळलेलं फडकं लावून बोटानं बाहेर ओढून आकार दिला आणि दार बंद ठेवलं. परत नोट लावली, अडली. नवं रबर सध्या वाचलं.

आतले काचेचे ट्रे लगेच पाण्याखाली धरायचे नाहीत, गार काच तडकते, आधी बाहेर ठेवून रूम टेंपरेचरला येऊ द्यायचे. आतून पुसायला लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा. सुगंधी लिक्विड नको, तो वास लोण्याला लागतो. वासाचं मूळ दाराच्या खणात सापडलं: झाकण न लागलेली शेंगा चटणीची बरणी, लसणासकट. आमच्याकडे ती फ्रिजमध्ये का ठेवतात हेच मला कळत नाही, बाहेर छान टिकते.

मांडणी बदलली. मागच्या भिंतीला गार हवेचे झरोके असतात, त्यांच्या समोरच पाण्याच्या बाटल्यांची भिंत उभी केलेली होती. त्या दाराकडे आणल्या. गरम आमटीचं पातेलं सरळ आत जाणार नाही यावर आई आणि बायको दोघींचं एकमत झालं, हे या घरात नवलच.

२६ एप्रिल, शनिवार

बाहेर ४३. दुपारी तीनला पेल्यातलं पाणी ४.५, वर उणे १८. प्लेटच्या झरोक्यातून टॉर्च मारला, कॉइलच्या पट्ट्या दिसतायत, वर पातळ दंव फक्त. मागची जाळी परत हलकी झाडली, इतक्यात तूस बसायला सुरुवात झालीय, शेडशेजारी राहायचं तर महिन्याला ब्रश मारावाच लागणार.

२७ एप्रिल, रविवार

आता अक्का आल्या. त्यांचा सिंगल डोअर, वर बर्फाची पेटी असलेला, गार होत नाही, आणि त्यांना पण तोच मेकॅनिक गॅस म्हणालाय. "तुम्ही बघा की हो जरा, तुमचं पण गॅस नव्हतंच की."

जाऊन बघितलं. कॉम्प्रेसर सतत चालू, मागची जाळी जेमतेम कोमट. पेटीच्या एका कोपऱ्यात, नळी आत येते तिथं, तळहाताएवढा बर्फ, बाकी पेटी कोरडी. पेटीच्या तळाला एक बारीक ओरखडा आणि त्याच्याभोवती तेलकट डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल पण फिरतं, लीक झालं की तिथं असा डाग राहतो. अक्कांना विचारलं बर्फ कशानं काढता, त्यांनी स्वयंपाकघरातून उलथनं आणून दाखवलं.

यांचा खरंच गॅस गेलाय. मेकॅनिकला फोन करून सांगितलं की आधी ओरखड्याची जागा बघ, ॲल्युमिनियम आहे, जोडता येते का पेटीच बदलावी लागते ते सांग आणि मगच चार्जिंगचं बोल. उद्या येतो म्हणाला. तोपर्यंत अक्कांचं दूध, दही आणि इडलीचं पीठ आमच्या खालच्या खणात, झरोके सोडून.